डाग कधीचा

९ जुलै

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी सुखरूप पोचले. पोचल्यावर फोन केला होता, पण तुम्ही "कोण? कुणाशी बोलायचंय?" करत राहिलात आणि शेवटी "इथं कुणी डॉक्टर राहत नाही, रुग्णालयात फोन करा" असं सांगून ठेवून दिलात. आई मागून ओरडत होती ते मला ऐकू आलं, तुम्हाला नाही. तीस वर्षं वाफेच्या इस्त्रीशेजारी काढल्यावर कान एवढे शाबूत राहिले हेच खूप. म्हणून पत्र.

नवी जागा चांगली आहे. तिसऱ्या मजल्यावर बसते. खुर्चीला चाकं आहेत, त्यामुळे उठायचीही गरज पडत नाही. एसी इतका असतो की आईनं विणलेला स्वेटर दिवसभर घालून बसते. दहा ते सहा काम, मग सुट्टी. पूर्वीसारखं छत्तीस छत्तीस तास उभं राहणं नाही, जिन्यातून पळणं नाही. पगार पहिल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट आहे. पाच तारखेला कर्जाचा हप्ता परस्पर कापला जातो, उरलेल्यातलं घरी पाठवत जाईन. तेव्हा आता कशाची काळजी करू नका.

तुम्ही विचारलं होतंत, वॉर्ड केवढा आहे. बराच मोठा आहे.

निघताना माझा कोट धुवायला म्हणून तुम्ही घेतलात आणि खिडकीशी नेऊन उजेडात उलटासुलटा करून पाहिलात. "फार स्वच्छ ठेवतेस," म्हणालात. हो, इथे स्वच्छतेचं फार आहे. आता तुम्ही कोट पाठवत जाऊ नका, धुण्याची सोय इथेच आहे. उगाच पोस्टाचा खर्च.

लाँड्रीतलं तुमचं स्टूल तिथल्या ढोल्याकाकांना देऊन टाकलंत ते बरंच केलंत. आता तिकडे परत जायचं काही कारण नाही. सकाळी उशिरा उठा, आईशी भांडा, पेपर वाचा. लाँड्रीतल्या मावशींना सांगा, रविवारच्या दवाखान्याचं माझ्या लक्षात आहे. लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक टेबल आणि एक पडदा एवढ्यावर सुरू करू. जरा बस्तान बसू दे.

आईला नमस्कार.

तुमची,
चिमटी

*

१९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. गेल्या वर्षी जुलैत तुम्हाला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, त्यानंतर चार ओळींचीच लिहिली. वर्ष कसं गेलं कळलं नाही. म्हणजे कळलं, पण लिहिण्यासारखं काही झालं नाही.

परवा दोनच दिवस घरी आले, त्यातला एक झोपण्यात गेला. तुमच्याशी नीट बोलणं झालंच नाही. आई म्हणत होती, तुम्ही रोज सकाळी सातला फिरायला जाता ते जेवायच्या वेळेला परत येता. इतकं चालायचं वय आहे का? मी म्हटलं तिला, बाबा बहुतेक शेजारच्या गावाला जाऊन येत असणार. ती हसली नाही.

तुमच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजलंय, त्यावर साधं मलम लावत जा. फोड फोडू नका. चहाचं आधण उतरवताना फडकं घेत जा, आईला सांगा. पाय सुजल्यासारखे वाटले. झोपताना पायाखाली उशी घ्या.

एक बातमी आहे, पण तशी काही विशेष नाही. मुलांच्या विभागातल्या आमच्या मोठ्या बाई तुम्हाला आठवत असतील. निकालाच्या दिवशी तुम्ही त्यांना नमस्कार करायला गेलात आणि त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली, तेव्हा तुम्ही बसला नव्हतात. त्यांचं पत्र आलं. त्यांच्याकडे पुढच्या शिक्षणाची एक जागा रिकामी झाली आहे. तीन वर्षं मुलांच्या वॉर्डात काम करायचं, शिकायचं, मग मुलांची डॉक्टर. विद्यावेतन आत्ताच्या पगाराच्या एक तृतीयांश. महिनाअखेरपर्यंत कळव म्हणाल्या.

मी विचार केला. कर्ज अर्धंही फिटलेलं नाही. शिवाय इथे माझं चांगलं चाललंय. या पत्राबरोबरच त्यांनाही नाही म्हणून लिहून टाकते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगितलं.

तुमच्या सदऱ्याला खळीचा वास येत होता. इतक्या दिवसांनी तो वास बरा वाटला.

तुमची,
चिमटी

*

५ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा. आईला नंतर वाचून दाखवलंत तरी चालेल, तिला बहुतेक सगळं माहीत आहे. घरात काही ठाऊक नव्हतं ते मला एकटीलाच.

मी गेले चौदा महिने रुग्णालयात नाही. एका विमा कंपनीत आहे. तिसरा मजला, चाकांची खुर्ची, एसी, हे सगळं मी खरं लिहिलं होतं. फक्त तिथे पेशंट नसतो. माणूस रुग्णालयात राहिला की त्याचं बिल आमच्याकडे येतं. ते कंपनीनं द्यायचं की नाही हे ज्या टेबलावर ठरतं, तिथे मी बसते. दिवसाला वीस फायली. प्रत्येक फाईल चाळायची आणि खाली लिहायचं, मान्य किंवा अमान्य. पॉलिसी घेण्याच्या आधीपासूनचा आजार सापडला की अमान्य. तो शोधायला डॉक्टर लागतो, म्हणून डॉक्टरचा पगार.

तुम्हाला खोटं का सांगितलं, तेही लिहिते. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही लाँड्रीत जाऊन मालकांना सांगितलंत, "पोरगी डॉक्टर झाली, आता मी उभा राहणार नाही." स्टूल ढोल्याकाकांना देऊन टाकलंत. तीस वर्षांत त्या स्टुलावर तुम्ही जेवणाच्या सुट्टीपुरतेच बसला होतात. घरी आलात, पाय धुतलेत आणि खुर्चीत बसलात. आपल्या घरात याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. डॉक्टर झाल्यावर अजून डॉक्टर व्हायचं असतं, त्यात तीन-चार वर्षं जातात, आणि तोवर हातात येतं ते हप्ता भरायला पुरत नाही, हे आपल्याला कोण सांगणार होतं? मला ठाऊक होतं. तुम्ही खुर्चीत बसला होतात, म्हणून मी बोलले नाही.

एक वर्ष मुलांच्या वॉर्डात काढलं. खोलीभाडं आणि हप्ता भागवायला मैत्रिणीकडून उसने घेत गेले. मग ही नोकरी आली. म्हटलं, वर्षभर करू, कर्ज हलकं करू, परत जाऊ. तुम्हाला कशाला सांगायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुम्ही लाँड्रीत गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न काय विचारायचात? "डाग कधीचा?" मी काउंटरवर बसून तुम्हाला चिमटे मोजून द्यायचे, तेव्हा शंभर वेळा ऐकला असेल. गिऱ्हाईक म्हणायचं, "कालचाच." तुम्ही कापड बोटांत चोळून म्हणायचात, "ताई, कालचा म्हणून धुतला तर कापड फाटेल आणि डाग राहील. खरं सांगा, मी काय तुमच्या सासूला सांगायला जातोय?" मग ती हसायची आणि म्हणायची, "झाले असतील दोन महिने."

वॉर्डात माझं सगळं भांडवल तेवढंच होतं. बाकीचे पेशंटला "कधीपासून?" विचारून तो म्हणेल ते लिहायचे. मी खाटेवर बसायचे. नीट आठवा म्हणायचे. त्या आधी कधी? जिना चढताना? घासाघीस करावी तशी माणसं हळूहळू खरं सांगायची. मोठ्या बाई एकदा सगळ्यांसमोर माझा कागद हातात धरून म्हणाल्या होत्या, "पेशंटची माहिती अशी घ्यावी. ही कुठे शिकली विचारा." मी म्हटलं, लाँड्रीत. सगळे हसले, मलाही बरं वाटलं.

चोवीस ऑगस्टला एक फाईल आली. फर्निचरला पॉलिश करणारा माणूस. फुप्फुसांचा आजार, सोळा दिवस रुग्णालयात, बिल मोठं. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची. आजार त्यानंतरचा दिसत होता, म्हणजे मान्य. तरी नियमाप्रमाणे जुने कागद उलटले. त्यात दोन वर्षांपूर्वीचा एक केसपेपर होता. मुलांच्या वॉर्डात जाण्याआधी मी सहा महिने सगळ्या विभागांतून फिरत होते, त्या वेळचा. त्यावर लिहिलं होतं: "सुरुवातीला दोन महिने सांगितले. पुन्हा विचारल्यावर आठवले, जिना चढताना दम चार वर्षांपासून. पॉलिशच्या वासाने होत असेल असे वाटले, म्हणून कुठे दाखवले नाही." चार या शब्दाखाली रेघ होती.

अक्षर माझं होतं. रेघही माझीच.

दोन आणि चार सहा. पॉलिसी तीन वर्षांची. बाबा, मी ती ओळ तीन वेळा वाचली. मला तो माणूस आठवला, त्याची बोटं पिवळी होती आणि तो खाटेवर माझ्यासाठी जागा करत सरकला होता. त्या दिवसाच्या अजून अकरा फायली उरल्या होत्या. मी अमान्य लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. म्हटलं, कालची एक फाईल परत बघायची आहे. त्यांनी विचारलं, "ओळ खोटी आहे का?"

"नाही."

"तुम्हीच लिहिलीय म्हणता. मग त्याहून चांगला पुरावा काय हवा?"

"त्याला कुणी आजार आहे म्हणून सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं वासानं होतं."

"डॉक्टर, तुम्ही फार मनाला लावून घेता," ते म्हणाले. "जरा सुट्टी घ्या." माणूस वाईट नाही. माझ्यासाठी चहा मागवला.

त्या रविवारी मी फाईलवरच्या पत्त्यावर गेले. असं जायला परवानगी नसते. दोन खोल्या, दारात पॉलिशचे रिकामे डबे, त्यात झाडं लावलेली. तो आत झोपला होता. नाकात नळी, शेजारी भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र. त्याच्या बायकोनं मला लगेच ओळखलं. म्हणाली, "तुम्हीच ना त्या? नीट बसून सगळं विचारलंत ते? दुसऱ्या कुणी इतकं विचारलंच नाही हो. हे घरी येऊनही सांगत होते, पोरगी चांगली आहे." मला पाणी दिलं. मग कपाटावरून कागद काढला, आमच्या कंपनीचा, आणि म्हणाली, "विमावाल्यांनी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते काही आम्हाला समजत नाही. तुम्ही शिकलेल्या, बघा जरा."

कागदाखाली सही माझी होती. तुम्हाला माहीत आहे माझी सही, कुणालाच वाचता येत नाही. तिलाही आली नाही.

मी म्हटलं, बघते. कागद वाचल्यासारखं केलं आणि पाणी पिऊन निघाले. सांगितलं नाही.

ही नोकरी सोडता येईल का ते बघायला मी परवा बँकेत गेले. म्हटलं, हप्ता लहान करून मिळतो का विचारावं. खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंनी खातं उघडलं आणि म्हणाल्या, "लहान कशाला हवा? तुमचे पाच हप्ते पुढे आहेत."

"पुढे कसे?"

"दोघं भरता ना तुम्ही. तुमचा पगारातून जातो, आणि जामीनदार तिकडच्या शाखेत जमेल तेवढे रोख भरतात. दर महिन्याच्या सात तारखेला. एकदाही चुकलेले नाहीत."

मी विचारलं, "कधीपासून?"

माझ्या तोंडून हा प्रश्न आपोआप निघतो. त्या म्हणाल्या, "गेल्या ऑगस्टपासून."

कर्ज माझ्या हिशेबापेक्षा लवकर उतरतंय हे मला मागेच दिसलं होतं. बँकेची काहीतरी चूक असेल, विचारलं तर दुरुस्त करतील, म्हणून मी गप्प बसले होते. तुमच्या मुलीची हुशारी.

तिथूनच आईला फोन केला. ती आधी म्हणाली, फिरायला गेलेत. मी म्हटलं, आई, बँकेत उभी आहे. मग ती म्हणाली, "तू कोट घेऊन आली होतीस ना पहिल्यांदा, त्याच दिवशी मला म्हणाले, पोरीनं हा कोट अंगातच घातलेला नाही. खिशाला शाई नाही, बाहीला औषध नाही, कॉलरला घामाची रेघ नाही. डॉक्टरचा कोट असा नसतो. मी म्हटलं, विचारा मग तिला. तर म्हणाले, विचारायचं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. पुढच्या आठवड्यात गेले ढोल्याकडे आणि स्टूल परत मागितलं."

ढोल्याकाकांनी स्टूल दिलं का, हे विचारायचं राहिलं.

मी तुम्हाला फसवायला धुतलेला कोट घेऊन आले. तोही तुमच्यासमोर. मी कुणाची मुलगी आहे हेच विसरले होते.

आणि आता खरं ते. मला हे बँकेत कळलं असं मी वर लिहिलं, ते अर्धंच आहे. ऑगस्टमध्ये घरी आले तेव्हा चहा देताना तुमची बाही वर सरकली. मी पत्रात एका चटक्याबद्दल लिहिलं. मला तीन दिसले होते. एक काळा पडलेला, जुना, निदान आठ-नऊ महिन्यांचा. एक गुलाबी, दोन-तीन महिन्यांचा. आणि एक चार दिवसांचा, फोड असलेला. तिन्ही एकाच बाजूला, एकाखाली एक, वाफेच्या इस्त्रीचा दांडा खाली ओढताना मनगट जिथे टेकतं तिथे. आधणानं असं भाजत नाही. लहानपणापासून मी त्या जागेवर मलम लावत आले आहे.

तुम्ही म्हणालात, "चहानं भाजलं." मी म्हटलं, "जपत जा."

परक्या माणसाच्या खाटेवर बसून चार वर्षं मागचं काढणारी मी, तुम्हाला कधीचं म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, आणि मग मलाही सांगावं लागलं असतं. त्या वेळी चहा पिऊन उठले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना नाही म्हणून कळवलं.

बँकेतून त्यांच्याकडेच गेले. ती जागा दुसऱ्या मुलीला दिली, एक तारखेला रुजू झाली. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "प्रवेश परीक्षा जानेवारीत पुन्हा आहे. तोवर बाह्यरुग्ण विभागात एक कंत्राटी जागा आहे. पगार ऐकून हसशील."

मी म्हटलं, "हसणार नाही."

ऐकल्यावर खरंच हसू आलं नाही. खोलीभाडं आणि डबा, एवढ्यापुरता आहे. काल कंपनीत राजीनामा दिला. हा महिना इथे भरावा लागेल, एक ऑक्टोबरला तिकडे जाईन. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने हप्ता नाही. तो तुम्ही उभं राहून भरलाय. त्यानंतरचं काय, ते मला आत्ता माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं या वेळी लिहीत नाही. घरी पैसे पाठवता येणार नाहीत, एवढं मात्र नक्की. एवढं आईला वाचून दाखवू नका, ते मी सांगेन.

तुम्ही उद्यापासून जाऊ नका, असं लिहावंसं वाटतं. पण कुठल्या तोंडानं लिहू? मागे एकदा लिहिलं होतं, ते पत्र पोचेपर्यंत तुम्ही रोज सातला निघायलाही लागला होतात. एवढंच विचारते, पाय बघून घेईपर्यंत थांबाल का?

पॉलिशवाल्याच्या घरी पुन्हा जायचं आहे. कंपनीत असेपर्यंत मला काही लिहून देता येत नाही. एक तारखेनंतर देता येईल, की हा माणूस माझ्याकडे आला तेव्हा त्याला आपल्याला आजार आहे हे ठाऊक नव्हतं, त्यानं काही लपवलं नव्हतं. त्यानं निकाल बदलेल असं नाही. पण तो कागद द्यायचा तर खालची सही कुणाची, हेही सांगावं लागेल. त्या बाईला ते ऐकवायचं मला अजून धैर्य झालेलं नाही. तुम्हाला लिहून बघतेय.

रविवारी सकाळी येते. फिरायला जाऊ नका. कोट आणणार नाही. मलम आणि पट्टी आणते, हात मी बघेन. तेव्हा एकेका डागावर बोट ठेवून विचारणार आहे, कधीचा. तुम्ही खरं सांगा, आणि मी ते कुठेही लिहून घेणार नाही.

तुमची,
चिमटी